नोंग साईच्या पाण्याची बाटली

बातमी आली तेव्हा दुपारचं जेवण चाललं होतं. आंबवलेल्या माशाची बरणी काढायला साओवनीताईंनी फ्रिजचं दार उघडलं होतं, म्हणून मला सगळं दिसलं आणि ऐकूही आलं.

टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं. त्यावर चिकट भाताच्या छोट्या टोपल्या आणि कच्च्या पपईचं सोमतम. वीरयुतच्या कपाळावर घाम आला होता.

"ताई, मिरच्या किती घातल्यात? तोंडात कारखाना पेटलाय माझ्या."

"मग कर ना नोंद. धोकादायक पदार्थ, अवैध साठा. ठिकाण, वीरयुतचं पोट."

तेवढ्यात थाविनकाका आले. ते नोंग साई गावचे मुखिया. गटाराच्या कुठल्याशा कागदावर शिक्का घ्यायला आले होते. शिक्का झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक काळ्या काठाची पत्रिका काढून टेबलाच्या कोरड्या कोपऱ्यावर ठेवली.

"शनिवारी दहन आहे. विहारात रोज संध्याकाळी सूत्रपठण चाललंय. जमलं तर या."

ताईंनी ओला हात पुसून पत्रिका उचलली. "नत्थनिचा… कोण हो काका? नाव तर नटीसारखं आहे. कुणाची तरुण मुलगी गेली का?"

"तरुण कसली. साठीला टेकली होती. आमची बुआलोई."

वीरयुतच्या हातातला भाताचा घास तसाच राहिला. फ्रिजचं दार उघडंच होतं. कुणाच्याच ते लक्षात आलं नाही.

बुआलोईला मी ओळखत होते. तिचं नाव माझ्या अंगावर आहे, तिच्याच अक्षरात.

मी एक बाटली आहे, तपकिरी काचेची. माझ्या पोटात नोंग साईच्या विहिरीचं पाणी आहे. प्रांताच्या पर्यावरण कार्यालयातल्या या फ्रिजमध्ये, मधल्या फळीवर मागच्या कोपऱ्यात, मी उभी असते. बोलायची सवय मला नाही. पण त्या दुपारपासून गप्प राहणंही जमत नाही.

माझा जन्म भट्टीतला. पांढऱ्या काचेच्या बहिणींच्या नशिबी सरबतं आणि औषधं येतात. आम्हा तपकिरी बाटल्यांना मुद्दाम असा रंग देतात, कारण आमच्यात जे भरायचं त्याला ऊन लागलं तर त्याचं रूप पालटतं आणि मग त्याची ओळख पटत नाही. भट्टीतून निघाल्यावर आम्हाला आम्लाने धुतलं, तापवून कोरडं केलं, झाकणाच्या आत पांढरी चकती बसवली आणि खोक्यात भरलं. खोक्यात आम्ही एकमेकींना खेटून असायचो. जुन्या बाटल्यांकडून ऐकलेल्या गोष्टी आमच्यात फिरत. कुणी नदीचं पाणी आणलं, कुणी कारखान्याच्या कुंपणाखालचं.

आमच्या जातीचं सुख एकच. आम्हाला भरतात, बर्फात ठेवतात, चार दिवसांत प्रयोगशाळेत नेतात आणि तिथे आमचं झाकण उघडतं. मग आमच्यात काय होतं ते कागदावर येतं आणि आमचं काम संपतं. त्यानंतर धुवा नाही तर फोडा, आमची तक्रार नसते.

वीरयुत मला बर्फाच्या पेटीत घालून नोंग साईला घेऊन गेला, तेव्हा तो या नोकरीत नवा होता. कमरेला पट्टा, नवे बूट, हातात पातळ मोजे.

विहिरीच्या कठड्यावर एक बाई अननस सोलत बसली होती. तीच बुआलोई. तिने सालीसकट डोळे काढले, फोडी केल्या आणि मीठ-तिखट लावून त्याच्यापुढे धरल्या.

"खा रे बाळा. विकतच्या पाण्याने धुतलाय, घाबरू नकोस."

"मावशी, मी कामावर आहे."

"कामावरच्या माणसाला दात नसतात का?"

त्याने मोजा काढला आणि फोड उचलली.

विहिरीमागे रबराची झाडं होती. कडेच्या तीन रांगांची पानं अवेळीच पिवळी पडली होती. त्यांच्यापलीकडे वाळू उपसून सोडून दिलेला जुना खड्डा, वरून ताज्या लाल मातीने बुजवलेला. मातीतून एका पिंपाचा काठ वर आला होता. रंगाचा डबा उघडल्यावर येतो तसा वास सगळीकडे होता.

"कधी टाकलं हे?"

"सोंगक्रानला, नव्या वर्षाच्या सुट्टीत. दुसरं कधी टाकणार? सगळा देश एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत होता. तुमचं ऑफिस बंद, पोलीस गावी गेलेले, आम्ही विहारात. मी भिजून घरी आले तर खड्डा भरलेला. एवढं काम सरकारने कधी सुट्टीत केलंय का?"

वीरयुत हसला. ती हसली नाही.

घराच्या सावलीत झोळीत तिचा नवरा पडला होता. चम्नान त्याचं नाव. त्याच्या नडग्यांची कातडी सोललेली होती आणि पाय सुजले होते. मूत्रपिंडं थकलीत, असं डॉक्टर म्हणाले होते. कशाने थकली ते म्हणाले नव्हते. तो रोज रबराचा चीक काढून आला की याच विहिरीवर अंघोळ करायचा.

"हे लिहून घेशील ना?" तिने विचारलं.

"तेवढ्यासाठीच आलोय. पण मावशी, माझ्या लिहिण्याने होत नाही. आमच्या नोंदीत दोन रकाने आहेत. एक निश्चित, एक संशयित. पाण्याचा अहवाल आला तर जागा निश्चित. मग खड्डा उकरतात, पिंपं उचलतात, गावाला टाकीचं पाणी देतात. अहवाल नसेल तर संशयित."

"आणि संशयिताला काय देतात?"

"काही नाही."

"संशय कसला त्यात? हात घाल की आत."

त्याने हात घातला नाही. दोरीला बांधून मला खाली सोडलं. पहिल्यांदाच माझ्या पोटात काही शिरलं. पाण्यावर रंगीत तवंग होता. तो मी माझ्या तोंडाशी फाटताना आणि पुन्हा जुळताना पाहिला. बुडबुडा राहता कामा नये, म्हणून त्याने मला काठोकाठ भरलं आणि झाकण घट्ट केलं. मग माझ्या अंगावर पांढरी चिठ्ठी चिकटवली आणि पाणी देणाऱ्याची सही घ्यायला पेन तिच्या हातात दिलं.

तिने मला मांडीवर आडवं घेतलं, जीभ दातांत धरली आणि एकेक अक्षर काढलं. बुआलोई.

"सुंदर अक्षर आहे, मावशी."

"लग्नात केली होती सही. त्यानंतर आज."

आणखी एक सही हवी होती, मला प्रयोगशाळेकडे पाठवायच्या कागदावर. तो कागद वीरयुत ऑफिसातच विसरला होता. तो खजील झाला.

"असू दे," ती म्हणाली. "उद्या मी शहरात येणारच आहे. नाव बदलायला."

"का हो? इतकं गोड नाव. नारळाच्या दुधातले बुआलोईचे गोळे आठवतात."

"भंते म्हणाले, तुझं नाव म्हणजे पाण्यावर तरंगणारं कमळ. पाणीच नासलं तर कमळाने काय करायचं? नवऱ्याच्या जिवावर येतंय म्हणाले ते नाव. त्यांनी दुसरं काढून दिलंय."

वीरयुतला त्यात काही वावगं वाटलं नाही. इथे कुणालाच वाटलं नसतं. आजार हटेना, धंदा बसला, मूल होईना, की माणसं नाव बदलतात. साओवनीताईंचंही हे मूळचं नाव नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी बर्फाच्या पेटीत, दारापाशी, निघायच्या तयारीत होते. तिने चांगला रेशमी फानुंग नेसला होता. टेबलावर तिने नवं ओळखपत्र ठेवलं, लहान मुलाने बक्षीस दाखवावं तसं.

"आता मला नत्थनिचा म्हणायचं."

"वा! सिनेमात घेतील, मावशी," ताई म्हणाल्या. त्यांनी कागद पुढे केला. तिने नवं नाव लिहिलं. नवी अक्षरं तिच्या हाताला ओळखीची नव्हती, वेळ लागला. मग ताई संगणकाकडे वळल्या आणि थांबल्या.

"युत, बाटलीवर बुआलोई आहे. कागदावर नत्थनिचा. हे घेत नाहीये."

"माणूस एकच आहे, ताई."

"मला माहीत आहे. याला माहीत नाही. मावशी, नाव बदलल्याचा दाखला द्या, त्यावर दोन्ही नावं असतात. तो जोडते."

तिने नवं ओळखपत्र उचलून पिशवीत ठेवलं.

"तो सोडला."

"कुठे सोडला?"

"कालव्यात. भंते म्हणाले होते, जुनं आणि नवं नाव एका कागदावर ठेवू नकोस, जुन्याला नव्याचा पत्ता लागतो. केळीच्या पानाची होडी केली, उदबत्ती लावली, त्यात दाखला ठेवला. जुन्या ओळखपत्राची प्रत पण. आणि तुमची ती तक्रारीची पावती. जिथे जिथे जुनं नाव होतं ते सगळं."

तिथल्या कुणीही तिला मूर्ख म्हटलं नाही. ताईंनी फक्त सुस्कारा सोडला.

"मी माझा प्लास्टिकमध्ये घालून ठेवलाय, मावशी. प्लास्टिकमधून दुर्दैवाला वास येत नाही."

"हे भंतेंनी सांगितलं नाही."

दाखल्याची दुसरी प्रत मिळते, पण तिला वेळ लागतो. बाई रिकाम्या हाताने परत जायला नको, म्हणून ताईंनी एक चांगली गोष्ट केली. नव्या नावाने त्याच जागेची नवी तक्रार नोंदवून तिला नवी पावती दिली. ती पावती तिने कपाळाला लावली.

त्या चांगल्या गोष्टीतच सगळं अडकलं.

मोठ्या साहेबांच्या पुढे एकाच खड्ड्याची दोन प्रकरणं गेली. पहिल्यात बाटली होती, पण तक्रार करणारी बाई कागदोपत्री अस्तित्वात नव्हती. दुसऱ्यात बाई होती, बाटली नव्हती. साहेब वाईट नव्हते. त्यांनी आयुष्यभर सही करण्याआधी दोनदा वाचलं होतं. कुठलं प्रकरण ठेवायचं, असं त्यांनी बँकॉकच्या मुख्य कार्यालयाला विचारलं आणि उत्तर येईपर्यंत जैसे थे, असा शेरा मारला. म्हणजे मला पाठवायचं नाही. मी पुरावा आहे, म्हणून मला टाकायचंही नाही. आणि मी आहे तोवर त्या विहिरीची दुसरी बाटली भरायची नाही.

पेटीतला बर्फ वितळला. वीरयुतने मला पुसून या फ्रिजमध्ये ठेवलं. "दोन दिवस," तो मला म्हणाला. खरंच मलाच म्हणाला, तिथे दुसरं कुणी नव्हतं.

माझी मुदत गेली त्या दिवशी काहीही घडलं नाही. शेजारी कुणीतरी दह्याचा डबा ठेवला. आतलं पाणी मात्र बदलत होतं. जे उडून जाणारं होतं ते झाकणाशी धडपडत राहिलं, जे जड होतं ते तळाशी बसलं. आता मला कुणी उघडलं तरी खरं सांगता येणार नाही, हे मला कळलं. रिकाम्या बाटलीला निदान आशा असते.

पावसाळ्यात ती पुन्हा आली. अंगात काळा सदरा होता. चम्नान गेला होता. दाखल्याची प्रत तिने पिशवीतून काढून टेबलावर ठेवली.

"आता हा चालेल?"

वीरयुत खाली बघत म्हणाला, "चालेल, मावशी. बँकॉकला पाठवतो. त्यांचं उत्तर आलं की लगेच."

"आणि ती बाटली?"

"आहे."

"बघू."

त्याने फ्रिज उघडला. ती वाकली. मी तिला तेव्हाच शेवटचं पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती, मग माझ्या दोन्ही बाजूंना बघितलं.

"हिला खाण्याच्या वस्तूंत ठेवता? एका बाजूला मासा, एका बाजूला दही?"

"दुसरा फ्रिज मंजूर झालेला नाही," ताई म्हणाल्या.

"मग आपलं सारखंच की. आम्हीही विषाशेजारीच जेवतो." ती सरळ झाली. "गावातली आठ घरं अजून त्याच पाण्याने भांडी घासतात. माझं म्हातारीचं राहू द्या, त्यांच्या घरात पोरं आहेत. नोंद झाली की निरोप धाडा. मी आता विचारायला येणार नाही, गुडघे दुखतात."

ती खरंच आली नाही.

वर्ष संपलं की इथे एक अहवाल होतो. प्रांतात धोकादायक कचरा कुठे कुठे चोरून टाकला, त्याची नोंद. ताई टंकलिखित करतात, वीरयुत मोठ्याने वाचून दाखवतो. निश्चित ठिकाणं, मग संशयित ठिकाणं. दोन वर्षांत दोनदा मी ते वाचन ऐकलं. नोंग साई एकाही रकान्यात नव्हतं. निर्णय न झालेली प्रकरणं कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. दुसऱ्या वर्षी आकडा घटला, म्हणून वरून शाबासकीचं पत्रही आलं आणि ते भिंतीवर लागलं. खड्डा होता तिथेच होता. त्याला पत्र वाचता येत नाही.

आणि मग ती दुपार.

"काका, कशाने गेली?" ताईंनी विचारलं.

"मृत्यूच्या दाखल्यावर हृदय लिहिलंय. सगळ्यांचं तेच लिहितात." थाविनकाका खुर्चीत बसले. "शेवटपर्यंत विचारत होती, ऑफिसातून निरोप आला का. काय झालं हो त्याचं?"

"चालू आहे," वीरयुत म्हणाला.

"ती गेली, आणि प्रकरण चालू आहे. तब्येत चांगली दिसते तुमच्या प्रकरणाची." काकांचा आवाज चढला नव्हता. "मी करतो तक्रार. माझ्या नावाने. माझं नाव मी जन्मापासून बदललेलं नाही."

"त्या जागेवर आधीच दोन आहेत, काका. तिसरी घेत नाही."

"मग आम्ही काय करायचं?"

काकांनी शिक्का मारलेला कागद घडी करून खिशात घातला आणि ते गेले. सोमतमला पाणी सुटलं होतं. तेव्हा कुठे ताईंचं लक्ष फ्रिजच्या उघड्या दाराकडे गेलं. त्या दार लावायला आल्या आणि माझ्यासमोर थांबल्या.

"युत, एक रकाना आहे बघ. नमुना अपघाताने फुटला."

"माहीत आहे."

"फुटला की पहिलं प्रकरण आपोआप बंद होतं. उरतं दुसरं. त्यावर तू उद्या सकाळी जाऊन नवी बाटली भरू शकतोस. ती गेली असली तरी तक्रार आहे, पावती आहे. बँकॉकला विचारायची गरज नाही."

"पुरावा फोडायचा?"

"पुरावा कसला? मेलेलं पाणी आहे ते. हात ओला होता, निसटली. मी लिहिते. साहेबही काही म्हणणार नाहीत, बघ तू. त्यांनाही सुटायचंय."

वीरयुत उठला. त्याने मोजे घातले, खाली पत्र्याचं घमेलं ठेवलं, त्यात भुसा पसरला. काम त्याला येत होतं. मग त्याने मला बाहेर काढलं आणि घमेल्यावर धरलं.

इतक्या काळानंतर मी उजेडात आले होते. माझ्या मनात भीती नव्हती. खरं सांगते, भट्टीतून निघाल्यापासून एवढी हलकी मी कधी झाले नव्हते. झाकण उघडलं नाही तरी चालेल, माझ्या फुटण्याने दुसरी कुणी उघडली जाईल. मी त्याच्या बोटांची वाट पाहत होते.

त्याचा अंगठा चिठ्ठीवर आला. दमटपणाने ती एका कडेला सुटली होती. त्याने ती नीट दाबून बसवली.

"किती सावकाश लिहिलं होतं तिने," तो म्हणाला.

"युत."

"बाकी सगळं तिने पाण्यात सोडलं, ताई. ओळखपत्र, पावती, सगळं. चम्नानच्या चितेवर लग्नाचा कागदही गेला, काका सांगत होते मागे. तिच्या हाताने लिहिलेलं तिचं नाव जगात एवढंच राहिलंय."

"आणि विहीर?"

त्याने चिठ्ठीवरून पुन्हा अंगठा फिरवला. मला वाटतं ताईंनी एकदा हात पुढे केला होता, मला घ्यायला. पण तो त्यांनी घमेल्याकडे वळवला आणि भुसा पुन्हा पिशवीत भरायला लागल्या.

"शनिवारी दहन होऊन जाऊ दे," तो म्हणाला. "मग बघू."

शनिवारी ते दोघंही दहनाला गेले. त्यांनी चितेवर चंदनाची फुलं वाहिली असतील. सोमवारी वीरयुतने फ्रिज उघडला, माझ्याकडे बघितलं आणि पाण्याची थंड बाटली घेऊन दार लावलं. त्यानंतर त्याची बदली समुद्राकाठच्या कार्यालयात झाली. जाताना त्याने आपल्या जागी आलेल्या नव्या मुलीला माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला हात लावायचा नाही," असं सांगितलं. तिने मान हलवली. ती शिस्तीची आहे. माझ्याभोवती तिने लाल पट्टी लावली आहे.

माणसांना माझी दया आली, हेच माझ्या वाट्याचं दुःख. दया आली नसती तर बरं झालं असतं. मी काच आहे. मला आपणहून पडता येत नाही. कुणाच्या हातून सहज वस्तू निसटत असतील, कुणी घाईत बर्फ काढताना कोपर लावत असेल, तर त्याने एकदा मधल्या फळीवर मागच्या कोपऱ्यात हात घालावा. मी कुणालाही दोष देणार नाही. चिठ्ठीवरचं नाव भिजेल, पुसलं जाईल. जिने ते लिहिलं तिने तर ते कधीच सोडून दिलं होतं.

नोंग साईच्या आठ घरांत आजही सकाळी त्या विहिरीवर बादल्या जातात. त्या विहिरीची दुसरी बाटली अजून कुणी भरलेली नाही.